लाल टोप्यांची रांग

मिठबाव, १२ डिसेंबर २००४, संध्याकाळ

माझ्या धाकट्या भावाच्या, नितीनच्या सैनिकी शाळेची मुलं आज आमच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या सरावाला आली होती. शिट्टी झाली की सगळ्या लाल टोप्या एकदम पाण्यात, एका रांगेत. मी बाबांच्या होडीपाशी जाळं सोडवत होते, पण हात कुठे चालतायत?

जेवणाच्या सुट्टीत नितीन त्यांच्या सरांना म्हणाला, "सर, मला पोहायला ताईनंच शिकवलं."

मी धीर करून विचारलं, "मला घ्याल तुमच्या शाळेत?"

"मुलींना प्रवेश नसतो गं," सर हळूच म्हणाले. रागावून म्हणाले असते तर एवढं लागलं नसतं का?

त्यांची बस गेली, तरी डोळ्यांसमोर त्या लाल टोप्याच. आईनं विचारलं, "काय झाला गो?"

"माका त्यांच्यावांगडा, त्यांच्या रांगेत पोवचा होता."

आईनं माझ्या हातातलं जाळं काढून घेतलं. "अजून उजेड आसा. जा, पोवून ये."

गेले. ती मुलं जिथवर गेली होती, त्याच्याही पुढे पोचले. बरं वाटलं, पण एकटीनं पोहणं आणि त्या रांगेतून पोहणं एक नव्हे. वळले तर आई गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती, माझ्याकडे बघत.