आधी समोरच्याची बाजू

तळेगाव, २१ फेब्रुवारी १९५७

गंगारामजी आणि किसना या शेजारच्या वावरवाल्यांचा पांदणीचा, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेचा, तंटा आज मिटला. पंच म्हणून बैठकीत माझा नेम एकच: आधी समोरच्याची बाजू सांगायची, मग आपली. गंगारामजींनी किसनाची बाजू अशी मांडली की किसनाच म्हणाला, "मले बी असं सांगता आलं नसतं." मग त्यानं त्यांची मांडली. शेवटी दोघांनीही आपापल्या वावरातून गाडीपुरती वाट सोडली.

खुशीत घरी आलो. सुमन चुलीपुढं. आज तिला आष्टीला माहेरी न्यायचं होतं, साफ विसरलो! सबब सांगू लागलो तर हसून म्हणाली, "आधी माही बाजू सांगा, मंग तुमची."

तिच्या बाजूचं एक वाक्य जुळेना. बारा वर्षांच्या संसारात तिला काय वाटतं हे कधी विचारलंच नाही की काय मी?

भाकर वाढता वाढता तिनंच माझी बाजू सांगितली. एका शब्दाला चुकली नाही.