सोनीचं घुंगरू

मंगळवार, संध्याकाळ, नांदेड

सोनी मांजर परत आली. लातूरच्या वहिनींनी आज तिला टोपलीतून आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात आणून सोडलं. मिरगीची गोळी रोज द्यायची, झटका आला तर अंधारात शांत पडू द्यायचं, हे सगळं त्यांनी तिला पाळायला नेलं तेव्हाच मी सांगितलं होतं. तेव्हा त्यांनीच हौसेनं तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतं.

"झटका आला की सासूबाई नाकाला चप्पल लावतात, ताई. माणूस उठतं त्यानं, ही उठंना. लेकरं भ्यायलीत."

"आणि गोळी?"

"बरी दिसू लागली, म्हणून बंद केली. लई जीव लावला होता हिला. हिच्या बदली एखादं धडधाकट द्या की."

राग आला. तरी दिलं, पांढरं पिल्लू. त्याला तरी घर मिळेल, असं स्वतःला सांगितलं. की भांडायचाच कंटाळा आला होता?

निघताना वहिनींनी सोनीच्या गळ्यातलं घुंगरू सोडून पिल्लाला बांधलं. फाटकाबाहेर आवाज विरेपर्यंत सोनी कान टवकारून ऐकत होती.

आता पिंजऱ्यात बसून मान खाजवते आहे. काही वाजत नाही, म्हणून पुन्हा खाजवते.