गावानं ठरवलेली सुट्टी

२८ मार्च १९५५

पटावर चौतीस, हजर तीन! त्यातला एक तापानं फणफणलेला. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून त्याच्या आईनं आणून माझ्या गळ्यात घातलेला. बाकी सगळे पहाटेपासून टोपल्या घेऊन मोहाची फुलं वेचायला जंगलात. मी फळ्यावर तारीख लिहून खुर्चीत बसले. चिडचिड झाली.

दुपारी टपाल आलं. वरच्या ऑफिसचा कागद — हजेरी फार कमी, तीस जूनपर्यंत सुधारली नाही तर शाळा बंद. सरपंच कोलूभाऊंना वाचून दाखवला. ‘बंद? भिंती आमी लिपल्या, बाई. छपराचे फाटे आमी आनले.’ एवढंच बोलले. मला त्यांच्याकडे बघवेना.

३० मार्च

शाळेच्या ओसरीवर पंचायत बसली. लिहिता येणारी मी एकटीच, म्हणून ठरावाची वही माझ्याकडे. मनात म्हटलं, झालं! आता तंबाखू मळणार आणि उठणार.

पण सुगंधाबाईंनी विषयालाच हात घातला. पंचायतीत ही एकच बाई, चार बांध्या धानशेतीची मालकीण, जिभेला हाड नाही. ‘बाई, शाळेच्या सुट्ट्या कोन ठरवते?’

‘वरून यादी येते.’

‘वरच्याइले मोह कवा पडते ते मालूम हाय का?’

सगळे हसले. मीही हसले, काय करणार! मग त्या बोटांवर मोजत बोलत गेल्या. मोहाच्या वेळी शाळा चालू, धानाच्या रोवणीच्या वेळी चालू. अन् मे महिन्यात पोट्टे दुपारनंतर गावात रिकामे, तवा शाळेले कुलूप! ‘मंग पोट्टे येतीन कसे?’

तीन वर्षं मी गैरहजेरीच्या खुणा मारते आहे. हे मला एकदाही सुचलं नाही. नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरकी शिकले, पहिल्या वर्गात पास झाले — आणि हे सुचलं नाही!

ठराव: एक महिना सुट्टी मोहाची, एक महिना रोवणीची. मे-जूनमध्ये शाळा चालू. पण तेव्हा सकाळी बिडीसाठी तेंदूची पानं तोडायची असतात, म्हणून वेळ दुपारी चार ते सात. शाळा आता नागपूरच्या सरकारच्या नाही, गडचिरोलीच्या जनपद सभेच्या हातात आहेत, तेव्हा ठराव तिथेच मांडायचा. हे कोलूभाऊंना पक्कं ठाऊक होतं. मला नव्हतं.

४ एप्रिल

हजर दोन. त्या दोघांना घेऊन मीच मोह वेचायला गेले. कंबर मोडली. सोमारी दुसरीतली, माझ्या आधी टोपली भरून माझ्या टोपलीतही टाकत होती.

१२ एप्रिल

कोलूभाऊ आज बैलगाडीनं गडचिरोलीला निघाले. जाऊन यायला चार दिवस तरी लागतील. त्यात मोहाचे दिवस, घरचं वेचणं बायकोवर टाकलेलं. सगळं शाळेसाठी.

ठराव नीट गुंडाळून दिला. गाडीत बसता बसता म्हणाले, ‘बाई, शाळा बंद करा म्हून वर कोनं सांगितलं असन?’

मी म्हटलं, ‘मला काय माहीत.’

खोटं! साफ खोटं. मीच सांगितलं. गेल्या वर्षी याच दिवसांत रिकाम्या वर्गात बसून अर्ज लिहिला होता — गावाला शाळेची गरज वाटत नाही, ती बंद करावी आणि माझी बदली चांदा शहरात करावी. या रोजनिशीलाही तेव्हा सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे, कारण गाडी वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत उभी होते आणि मला माझी लाज वाटली.

१७ एप्रिल

आले! सभेनं मंजूर केलं! एक वर्षापुरतं, प्रयोग म्हणून. अट एकच — जूनअखेर सरासरी हजेरी पंचवीस हवी, इन्स्पेक्टरसाहेब स्वतः येऊन पाहतील. कोलूभाऊ सांगत होते, सभेत एक जण म्हणाला, उद्या प्रत्येक गाव आपला सूर्य वेगळा उगववील. त्यावर आमचे कोलूभाऊ म्हणाले, ‘सूर्य तुमचाच राहू द्या, साहेब. सुट्टी आमची द्या.’

किती हसले मी! आणि किती बरं वाटलं! माणसाला आपल्या गावचं आपण ठरवता येतं म्हटल्यावर तो चालतो कसा, ते आज पाहिलं. खरं सांगून टाकावंसं वाटलं. धीर झाला नाही.

२ मे

चार वाजले. घंटा दिली. कोणी नाही. ऊन असं की ओसरीवर पाय ठेववत नव्हता. सव्वाचार. दारात उभं राहून मी मार्कंडदेवाला हाका मारल्या.

साडेचारला आले — सगळे एकदम, सुगंधाबाई मागून हाकत! पानं तोडून हात काळे, डोळ्यांत झोप, पण सत्तावीस! हजेरी घेताना मी सारखी पदरानं नाक पुसत होते. सोमारी शेजारणीला म्हणाली, ‘बाईले सर्दी झाली.’

देवा, या लोकांचे उपकार कसे फेडू?

२१ मे

सरासरी सव्वीस. दोघी आया आपणहून पाण्याचे माठ भरून ठेवतात.

९ जून

सोमारीनं धडा सलग वाचला. न अडखळता! मी तिची पाठ थोपटली आणि मग घरी येऊन रडले.

२८ जून

इन्स्पेक्टरसाहेब आले. चांगले गृहस्थ. मुलं स्वतः मोजली — एकोणतीस. सरासरी सव्वीस. ‘शाबास,’ म्हणाले. पंच ओसरीवर खुशीत बसले होते.

मग त्यांनी फाईल उघडली. ‘पण मूळ अर्ज अजून फाईलीत उभा आहे. त्यावर पंचायतीचं मत लिहून द्या, म्हणजे प्रकरण मिटेल.’ कोलूभाऊंनी विचारलं, ‘कोनाचा अर्ज?’ साहेबांनी वाचून दाखवला. खालच्या सहीसकट.

सुगंधाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन महिने ही माणसं माझ्या कागदाशी झगडत होती आणि मी त्यांचे ठराव लिहीत होते. पेटी भरून ठेवली आहे. उद्या जा म्हणतील तर जाईन. त्यांचा हक्क आहे तो.

२९ जून

पंचायत बसली. मी वही पुढे सारली, म्हटलं, आज मी लिहू नये. कोलूभाऊ म्हणाले, ‘मंग लिवता कोनाले येते? लिवा — मास्तरीणबाईचा अर्ज आला. शाळा बंद करा, अन् बदली द्या. गावानं इचार केला.’

मी तसंच लिहिलं. सुगंधाबाई वाकून वहीत बघत होत्या. अक्षर ओळखत नाहीत, तरी बघत होत्या.

‘नामंजूर लिवा, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘दोनी गोष्टी.’