सत्तर किलोची सुई

३ नोव्हेंबर
ठरलं. विहाराच्या जत्रेत साठीच्या पुढच्यांची लढत आहे. खामपान विरुद्ध मी, बुनलाय. लाथ, गुडघा, कोपर, सगळं चालतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने याच जत्रेत माझं नाक मोडलं. ते मालीवानने पाहिलं. आमची तेव्हा सोयरीक ठरत होती. लग्न माझ्याशीच केलं, पण अजून भात उपसताना मध्येच म्हणते, "खामपानचं कोपर म्हणजे कोपर होतं हो."
या वेळी त्याचा जबडा काढून तिच्या ओंजळीत देणार.
अट एकच, वजन सत्तरच्या आत. माझं त्र्याऐंशी. त्यात बरंचसं हाडच आहे.

५ नोव्हेंबर, पहाटे
प्लास्टिकचा कोट घालून नदीकाठी धावलो. एक कुत्रं मागून येऊन पुढे गेलं. त्याला लाथ घातली. चुकली, केळीला बसली. केळ आडवी. ताकद शाबूत आहे.
येताना भाजलेली कोंबडी, चिकट भात. स्नायूंसाठी.

८ नोव्हेंबर
फोनवर एक पान सापडलं. पोटावर टोचायची सुई, दिसायला पेनासारखी. भूकच मरते म्हणे. परदेशी माल, डॉक्टरची चिठ्ठी नको. फोटोत पांढऱ्या कोटातली बाई. चेहरा प्रामाणिक.
मुलगी दाओरुंग सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला 'एका मित्रासाठी' विचारलं. ती म्हणाली, हे औषध डॉक्टरने माणूस तपासून द्यायचं असतं. नोंदणी नसलेला माल असा बाहेरून आणणं कायद्यात बसत नाही, आणि आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मित्राला नीट सांगा बाबा, म्हणाली. बोलताना माझ्या पोटाकडे बघत होती.
पोरगी गुणाची. पण सरकारी नोकरीत माणूस भित्रा होतो.
ऑर्डर दिली.

१४ नोव्हेंबर
माल आला. पलीकडच्या देशातून, होडीने, माशांच्या टोपलीखालून. दोन पेनं. डब्यावर लिहिलंय 'खेळणी'. हुशार लोक, चोरांची नजर पडू नये म्हणून.
पेनं कोमट लागली. लेबल तिरकं, लिपी कुठली ते कळेना. म्हणजे फार लांबून आलंय, अस्सल असणार. आंबवलेल्या माशाच्या बरणीमागे फ्रिजमध्ये ठेवली. मालीवानने विचारलं, हे काय. म्हणालो, कोंबड्याचं औषध. ती म्हणाली, आपल्याकडे कोंबडा कुठेय. म्हणालो, घेणार आहे.

१९ नोव्हेंबर
पहिलं पेन चालू. अन्न नको वाटतं, पाणीही उलटतं. पाच किलो गेले. विज्ञान.
जुना राग परत आलाय, हे उत्तम. कोंबडीवाल्याने प्रेमाने एक तुकडा पुढे केला. वास नाकात गेला आणि मी त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फुटला. मग मीच बर्फ आणून लावला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी.
संध्याकाळी पोत्याला इतकं झोडपलं की शिवण उसवली. मग चक्कर आली, म्हणून पोत्याला मिठी मारून उभा राहिलो. बघणाऱ्यांना ती पकड वाटली असणार.

२४ नोव्हेंबर
मालीवानने मला मोरीत ओकताना पकडलं. हातात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटायचा दांडा होता, तो पाठीत दोनदा बसला. जोर वाखाणण्यासारखा. म्हणाली, "मरायचंच असेल तर खामपानच्या हातून मरा. माझ्या मोरीत नाही."
तिला शब्द दिला की पेन टाकून देतो. पहिलं टाकलं. ते तसंही संपलं होतं.

३० नोव्हेंबर, सकाळ
जत्रा. घरच्या काट्यावर थोडा जास्त भरलो. धोका नको म्हणून दुसरं पेन अख्खं टोचलं.
वजन झालं. सत्तरच्या आत! खामपान शेजारीच उभा होता. म्हणाला, आजारी आहेस का रे. घाबरलाय.

दुपार
आता आम्हा लढणाऱ्यांची जुनी युक्ती. वजन होईपर्यंत उपाशी, वजन झालं की दाबून खायचं, संध्याकाळपर्यंत अंगात बैल. मालीवानने सगळं मांडलं, कोंबडी, भात, डुकराचं मटण. दोन घास गेले. तीन परत आले. कसे, कळलं नाही.
पोट अजून औषधाच्याच हुकमात आहे. हे त्या पानावर लिहिलं नव्हतं.

संध्याकाळ
घाम. हात थरथरतात. अक्षर वाकडं येतंय. हा संताप आहे. खामपान्या, आज तुझं

२ डिसेंबर, इस्पितळ
घंटा वाजलीच नाही.
लढतीआधी आम्ही गुरूंसाठी नाचून चारी दिशांना नमन करतो. तिसऱ्या दिशेला गुडघा टेकला आणि आकाश खाली आलं.
दाओरुंग म्हणते, पहिल्या पेनात थोडंफार खरं औषध असावं, दुसऱ्यात बहुतेक इन्सुलिन. तपासायला पाठवलंय. साखर किती उतरली होती ते विचारलं, तर उशी सारखी करत राहिली. त्या बाईचं पान फोनवरून नाहीसं झालंय.
बाकी मालीवानने सांगितलं. खामपानने मला पाठीवर घेऊन पिकअपमध्ये घातलं. दाओरुंग ड्यूटीवर होती, ती फोनवरून सांगेल तसं जत्रेतल्या रोटीवाल्याकडचं घट्ट गोड दूध तो बोटाने माझ्या गालाच्या आत चोळत होता. आणि डोळे मिटले की थोबाडीत देत होता.
"झोपायचं नाही, बुनलाय. लेका, पंचवीस वर्षं तुझी वाट बघितली. झोपायचं नाही."
तो रडत होता म्हणे. मला फक्त हात आठवतात. डावा, उजवा, डावा, थेट इस्पितळाच्या दारापर्यंत.
म्हणजे लढत झाली. मालीवानसमोरच झाली. मी एक फटका दिला नाही, एक अडवला नाही. दोन्ही गाल पावासारखे सुजलेत.
गुणांवर तो जिंकला.