डुकराच्या वाटेवरची जागा

अण्णा, येत्या रविवारी मी रानडुकराच्या शिकारीला जाणार आहे, आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही असता तर आधी बंदूक कुठली घेतली ते विचारलं असतं, आणि आईला कळू देऊ नकोस म्हणाला असता. आईही आता नाही.

इथे जपानात, त्सुकुबा शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही एक जुनं घर घेतलं. मी तिथून गाडीनं संशोधन संस्थेत जाते, लेक सायकलवरून शाळेत. गावातली निम्मी घरं बंदच असतात. शेजारी एक आजी एकट्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या रताळी काढायला शेतात गेल्या आणि डुकरानं त्यांची मांडी फाडली. ओरडणं ऐकून मी धावले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझं जाकीट जखमेवर दाबून चिखलात बसून राहिले. "सुमिमासेन," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तुम्हाला त्रास दिला, माफ करा. माझ्या हातांखालीच त्या गार पडत गेल्या. त्यानंतर गावच्या शिकारी गटातल्या म्हाताऱ्यांनी पिंजरे लावले, एक-दोन डुकरं मारली, पण डोंगरातून डुकरं हाकून काढायला त्यांच्याकडे माणसंच उरली नव्हती. रस्त्याकडेची माती अजून उकरलेली दिसते, आणि त्याच रस्त्यानं लेक अंधार पडता पडता घरी येते. म्हणून मी परवाना काढायला घेतला. लेक मराठीत "मग तूपण मरशील" एवढंच म्हणाली. एरवी ती माझ्याशी जपानीतच बोलते.

परवान्याआधी चौकशीला पोलीस घरी आला. तरुण होता, फार अदबीचा. घरात कुणाला बंदुकीनं इजा झाली आहे का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "वडील गेले. शिकारीत. मी लहान होते." तो लिहायचा थांबला. "आणि तरीही तुम्हाला बंदूक हवी आहे?" मी शेजारच्या बंद घराकडे बोट दाखवलं. त्यानं तिकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तुम्ही गेलात त्या दिवशीची सकाळ मला स्वच्छ दिसते. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून चहा पिताय, आणि मी तुमच्याबरोबर यायचा हट्ट धरून बसले आहे. "रान म्हणजे जत्रा नाही," तुम्ही ओरडता. शाळेतल्या मुलांवर ओरडायचात तसं, घरात कधीच ओरडला नव्हतात तसं. मी मागीलदारी जाऊन रडत बसते, त्यामुळे तुम्ही निघालात तेव्हाची पाठही मी पाहिलेली नाही. दुपारी चौघांनी तुम्हाला बाजेवर घालून आणलं. मागून काका येत होते, तुमचे जिवलग मित्र, तुमच्या चपला हातात घेऊन. आई म्हणाली, "त्याला अंगणात पाय ठेवू देऊ नका." करवंदीच्या जाळीत खसफस झाली आणि काकांनी न बघताच बार टाकला, असं सगळा गाव म्हणायचा. काकांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी बंदूक सोडली. रस्त्यात दिसले की आम्ही मान वळवायचो. मोठी झाल्यावरही मी ती वळवतच राहिले.

गेल्या आठवड्यात गटाच्या प्रमुखांनी ट्रकच्या बॉनेटवर नकाशा पसरून माझी जागा दाखवली, दोन ओढे मिळतात तिथे. मग आम्ही ती चालून पाहिली. सुरूसारख्या उंच झाडांच्या बुंध्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर डुकरांनी अंग घासल्याचा चिखल होता. वरून कुत्री डुक्कर हाकत आणणार, आणि माझ्या डावीकडे, बांबूंच्या पलीकडे, स्वतः प्रमुख उभे असणार. "आवाजावर गोळी झाडायची नाही," ते म्हणाले. "डोकं, खांदा, पाय, सगळं दिसलं पाहिजे." मी मान डोलावली. पण मला हे रान ठाऊक नाही. बांबूत काय हललं की डुक्कर आणि काय हललं की माणूस, हे मला कोण सांगणार?

म्हणून मी काकांना फोन केला. या गटाबाहेरचे मला माहीत असलेले शिकारी ते एकटेच. ते आता अंथरुणाला खिळलेत, सुनेनं फोन धरला होता. मी कुठून बोलतेय, कशासाठी, सगळं सांगितलं. 

"बाय, जागा सोडू नको," ते म्हणाले. "काही झालं तरी. डुक्कर गेलं तर जाऊ दे."

"नाही सोडणार."

"तुझ्या अण्णांनी सोडली होती."

"त्यांची जागा कुठे होती?" मी विचारलं.

"ते ओढ्याच्या अलीकडे असायला हवे होते. जाळीत कसे आले, मला नाही माहीत. मी विचारलं त्यांना. बोलण्यासारखी स्थिती नव्हती."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही, काका?"

"न बघता बार मीच टाकला ना. मेलेल्या माणसावर कशाला ढकलायचं?" मग म्हणाले, "तू बंदूक घेऊन उभी राहणार, म्हणून आज बोललो."

अण्णा, का सोडलीत जागा? पाणी प्यायला? जनावर दिसलं म्हणून? एवढी वर्षं एका माणसावर राग धरून मी मोठी झाले, आणि आता तो राग तुमच्याकडे वळलाय. तुम्ही सांगू शकत नाही, आणि मला विचारायचं थांबवता येत नाही.

हे पत्र कुठल्याच पाकिटात जाणार नाही. रविवारी मी माझ्या जागेवर उभी राहीन, डोंगर शांत होऊन प्रमुख मला न्यायला येईपर्यंत. पण एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही. ते डुक्कर माझ्या बाजूला येऊच नये, असं मला वाटतंय.