माझ्या सुडीची जागल

प्रिय शंतनुदादा,

आधी एक दुरुस्ती करते, नाहीतर पुढचं लिहायला माझा हात चालणार नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मोतीराम आपल्या दारात येऊन रडला आणि आपली सोयाबीनची सुडी पेटवल्याबद्दल त्याने बाबांची माफी मागितली. तसं काही झालं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं ते आईच्या चुलीच्या धुराचं. आईने दिलेली भाकर खाऊन तो उठला, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, ‘दयारामभाऊ, तंबाखू हाय का जराशी?’ एवढंच. माफीचं वाचून तुझा राग उतरेल असं मला वाटलं, आणि मला जे बघायचं होतं तेच मी बघितलं.

पण दादा, खरं कळल्यावरही माझं मन बदललेलं नाही, आणि त्याचाच मला इतका आनंद झालाय की सकाळपासून तीनदा दूध उतू गेलं. फोनवर सांगितलं असतं, पण आई शेजारी बसून ऐकते.

सोंगणी झाली. कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या रचून वावरात उभ्या आहेत आणि थ्रेशर दिवाळीच्या आधी मिळत नाही. बाबांच्या गुडघ्याने यंदा जवाब दिलाय, त्यामुळे राखणीला रात्री वावरात कोण झोपणार, हा प्रश्न होता. जेवताना मी म्हणाले, यंदाची जागल मोतीरामला द्या. बाबांचा घास हातातच राहिला. ‘पोरी, मांजराले दुधाची राखण देऊन राह्यली का तू?’ आईला हसता हसता ठसका लागला. मग तीच गंभीर होऊन म्हणाली, ‘तुरुंगातून आल्यापासून त्याले काम कोन देते? सारं गाव त्याले काडीपेटी म्हनते.’ खरंच म्हणतात. बायको माहेरी निघून गेली, आणि तो हिवरा आश्रमाच्या रस्त्यावर एसटीच्या निवाऱ्यात झोपतो.

तुला आठवतं का, शाळेत जायच्या आधी बाबा आपल्याला बायबलवर बोट ठेवून अक्षरं शिकवायचे आणि आई चुलीपाशी तिचं वेगळं शिक्षण द्यायची? दारी आलेल्याला आधी भाकर, मग नाव-गाव. तू एकदा म्हणालास, हा तर दारुडा आहे. आई म्हणाली, ‘मंग काय, दारुड्याले भूक लागत नाई?’ तिथे आपली परीक्षा संपायची.

मला मात्र माझ्याच मनाचा भरवसा वाटेना. ही दया आहे की लोकांनी मला चांगलं म्हणावं म्हणून चाललेली धडपड? पिणाऱ्या माणसाला राखण देणं त्याच्या भल्याचं आहे का? शेवटी मी त्यालाच जाऊन विचारलं. तो म्हणाला, ‘माह्यावर भरोसा ठिवू नको, पोरी. मी पेतो.’ घरी येईपर्यंत मी घाबरलेली होते. पण रात्री प्रार्थनेला बसले तेव्हा वाटलं, हा माणूस भरवशाचा झाल्यावर त्याला काम द्यायला सगळं गाव येईल, मग माझी गरजच काय?

दुसऱ्याचं पीक मी पणाला लावणार नव्हते. म्हणून बोरीजवळच्या पट्टीतलं, बाबांनी माझ्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेलं सोयाबीन मी वेगळं रचून घेतलं, बांधापलीकडे. मोतीराम राखेल ती फक्त माझी सुडी. ती गेली तर माझं वर्ष जाईल, तुमच्या घासाला धक्का नाही. दोन दिवसांनी बैलाला पाणी पाजता पाजता बाबा म्हणाले, ‘देवानं पानी पाडताना त्याचं वावर वगळलं नाई. आपन कोन वगळनारे?’ दादा, मी गोठ्यात नाचले.

आता जे आपल्या घरात कोणी बोलत नाही ते लिहिते. त्याची गाय आपण कोंडवाड्यात घातली म्हणून मोतीरामने आग लावली, हे खरं. पण त्या रात्री जागल तुझी होती, आणि वावरातल्या खोपीत तुला झोप लागली होती, असं तू सगळ्यांना सांगितलंस. आईने तुला संध्याकाळीच तुझ्या मित्राच्या, गणेशच्या मोटारसायकलवर मेहकरकडे जाताना पाहिलं होतं. क्रिकेटचे सामने होते ना? बाबांनाही माहीत आहे. कोणी विचारलं नाही, आणि आमचं हे न विचारणं तुला रागासारखं वाटलं असावं. तू चाकणला गेलास, दोन नाताळ आले आणि गेले, तू उंबऱ्याला पाय लावला नाहीस. परवा भाकऱ्या थापताना आई मला म्हणाली, ‘मोतीरामले भाकर देतो आपन, मंग आपल्याच लेकराले असं काऊन वाटते का त्याले भेटनार नाई?’ ती रडत नव्हती, नुसती थापत होती. हे पत्र त्यासाठी आहे. कबुली आम्हाला मोतीरामकडून मिळाली नाही, तुझ्याकडूनही नको. खोपी तू बांधलेली आहे, तिच्यात दोघांना जागा होते. डब्यात मी दोघांपुरत्या, त्याच्या आणि तुझ्या, भाकऱ्या बांधणार आहे, आणि मोतीरामला घेऊन वावरात जाणार आहे ते शनिवारी, ११ ऑक्टोबरला, उन्हं उतरल्यावर.

तुझीच,
निशिगंधा