टपावरची शिट्टी

रुचीचे पप्पा,

मी एसटीने धुळ्याला माहेरी चालले. तुमच्या त्या चाकांवरच्या घरातून राजस्थानला येणार नाही.

गाडी साठच्या वर गेली की टपावरचे सोलर पॅनल शिट्टी मारतात, पुढच्या फटीत वारा शिरतो, हे मी चार महिने सांगत होते. तुम्ही मला कानाच्या डॉक्टरकडे नेलंत. त्यांनी कान चांगले आहेत असं सांगितलं, तरी तुम्ही गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढवलात. आता रुचीसुद्धा हसते, "मम्मी, तुझेच कान वाजतात."

काल नशिराबादजवळ एक अनोळखी ट्रकवाला म्हणाला, "शेठ, पॅनलपुढं पत्र्याची पट्टी मारा, वारा वाजतोय." त्याला तुम्ही चहा पाजलात.

पट्टी आज बसेल, आवाजही थांबेल. पण आधी रुचीला समोर बसवून सांगा की मम्मी खरं बोलत होती. तोपर्यंत फोन करू नका.

रूपल